शेगडीखालचा दगड

"काळा तर तुमच्यात बसणारच नव्हता, ताई," बंडप्पा टेप गुंडाळत म्हणाला. "सर पयलंच सांगून गेलते मला. शेगडी आग्नेयेला, अन् आग्नेयेला काळा दगड चालत न्हाय. लातूरच्या गुरुजींनी सांगितलंय म्हनं." सिमेंट आलंय किंवा लाइट गेलीय म्हणावं तितक्या सहज तो हे बोलला. बंडप्पा मूळचा मुरुमचा, धाराशिवात बायपासजवळ त्याचं दगडांचं दुकान आहे, आणि आमच्या नव्या घराच्या ओट्याचं काम त्याच्याकडे होतं. मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, "कोण गुरुजी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं, कारण छताच्या वर गच्चीवर माझा नवरा टाकी बसवणाऱ्याशी बोलत होता. "तुमाला ठावं असंल म्हनून बोललो," बंडप्पा म्हणाला आणि पुन्हा टेप उलगडून मोजलेलीच भिंत मोजायला लागला. प्रसेनजितचा आवाज जिन्यातून खाली येत होता. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाचा तो स्वच्छ, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारा आवाज. पाण्याचा दाब उंचीवर कसा अवलंबून असतो, हे तो टाकीवाल्याला समजावून सांगत होता.

खिडकीच्या कट्ट्यावर दोन नमुने ठेवलेले होते. एक काळा ग्रॅनाइट, एक पांढरा क्वार्ट्झ. या दोन दगडांनी आमच्या घरात गेले कित्येक आठवडे मुक्काम केला होता. मला पहिल्यापासून काळा हवा होता, आणि का ते मला धड सांगता येत नव्हतं. मग प्रसेनजितनं सांगायला सुरुवात केली. ग्रॅनाइट डोंगरातून कापून आणतात, त्याला बारीक छिद्रं असतात, तो तेल पितो, हळद पितो, दरवर्षी वरून सीलर मारावा लागतो. क्वार्ट्झ कारखान्यात होतो, दगडाचा चुरा आणि रेझिन दाबून, त्यात काही शिरत नाही. नुसतं सांगून तो थांबला नाही. दोन्ही नमुने त्यानं बादलीत बुडवून ठेवले, कॉलेजच्या तराजूवर कोरडे तोलले, ओले तोलले. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. मी माझ्याकडून रक्ताच्या काचा रंगवायचा जांभळा रंग दोन्हींवर टाकला, ॲसिडचा थेंब टाकला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं भिंग घेऊन डाग बघत बसायचो. गरम कुकर त्यानं मुद्दाम क्वार्ट्झवर ठेवला आणि खाली पिवळं वर्तुळ उमटलं, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हा याचा दोष. उष्णता सोसत नाही. शेगडीजवळ जपावं लागेल." मला त्या वाक्याचंसुद्धा कौतुक वाटलं. स्वतःच्या बाजूचा दोष सांगणारा माणूस. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकघरासाठी कुणी पहिल्यांदाच डोकं चालवत होतं, आणि मी मूर्खासारखी सुखावले होते. दवाखान्यात बायकांना सांगत होते, आमचे हे ओट्यासाठी प्रयोग करतायत. त्या हसायच्या. मी हळूहळू पांढऱ्यावर आले. पटून आले. आता कळत होतं, मला पटवलं गेलं होतं, निकाल आधीच लागलेला होता आणि मला प्रयोग दाखवून गुंगवलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते खरं असतं. मला ती पायापासून चढताना कळत होती, कारण पायाखाली कच्ची फरशी होती आणि अचानक ती मला परकी वाटायला लागली. मी तिथंच उभी राहून सगळं घर मनात फिरून आले. शेगडी या कोपऱ्यात का? पूर्वेच्या खिडकीतून सकाळी उजेड पडतो म्हणून, असं तो म्हणाला होता. संडास नकाशातल्या जागेवरून हलवला, तो पाइप सरळ जावा म्हणून. दर्शनी दार उत्तरेला नेलं, वारा खेळावा म्हणून. जिन्याला एक पायरी वाढवली, तीही चढायला सोपं पडावं म्हणून, आणि त्या पायरीसाठी गवंड्यानं केलेली कुरकुर मला आठवली. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. उजेड खरंच पडत होता. वारा खरंच खेळत होता. खोटं असं एकही वाक्य नव्हतं, आणि सगळं घर खोटं होतं. लातूरच्या कुणा माणसानं पाटावर बसून माझं घर आखलं आणि माझ्या नवऱ्यानं त्याचं विज्ञानात भाषांतर करून मला ऐकवलं. किती वेळा गेला असेल हा तिकडे? पेपर तपासायला जातो म्हणायचा तेव्हाच का? जाताना मी डबा भरून द्यायचे. तो डबा यानं गुरुजींच्या ओसरीवर बसून खाल्ला असेल, या विचारानं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं.

आणि हा कोण, तर जयंतीला, धम्मचक्र दिनाला ज्याला भाषणाला बोलावतात तो. ईटपासून येरमाळ्यापर्यंत कुठं व्याख्यान असलं की प्रसेनजित सर. त्याच्या प्रत्येक भाषणात त्याचे आजोबा येतात. छप्पन्न साली त्यांनी घरातले सगळे देव टोपल्यात भरले, डोक्यावर घेतले आणि भर दुपारी गावासमोरून चालत जाऊन ओढ्यात सोडले. गावातली माणसं दारात उभी राहून म्हणत होती, आता बघा यांचं काय होतंय. आजोबा घरी आले, पोटभर भाकरी खाल्ली आणि कामाला गेले. इथं प्रसेनजित थांबतो, लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवलेल्या आहेत, पहिल्या रांगेत बसून. "कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा," हे त्याचं शेवटचं वाक्य असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला राग तो घाबरला याचा नव्हता. माणूस घाबरतो. लॅबमध्ये रिपोर्ट हातात घेताना भले भले लोक गंडेदोरे चाचपताना मी बघते, मला त्यांचा कधी राग आलेला नाही. मला राग या छिद्रांचा होता, या सीलरचा, त्या तराजूचा. भीतीला त्यानं माझ्यासमोर पांढरा कोट घालून उभं केलं होतं.

कारण हे छिद्रांचं मी आधी ऐकलेलं होतं. खिडकीतल्या त्या काळ्या तुकड्याकडे बघताना ते मला आठवलं आणि मग दुसरं काही आठवेना. तुळजापूरला आई विष्णुपंतांच्या घरी भांडी घासायला जायची. वडील, कोंडिबा, बाजारात हमाली करायचे. विष्णुपंत क्लार्क होते, त्यांची बायको चारुशीलाबाई शाळेत शिक्षिका. माणसं चांगली होती, हे मी आजही म्हणेन, आणि म्हणूनच जास्त चीड येते. "आमच्यात असलं काही नाही हो, भिमाबाई," असं चारुशीलाबाई स्वतःहून म्हणायच्या. आईला चहा कपात मिळायचा, तो कपही निराळा नव्हता. मला जुनी पुस्तकं द्यायच्या. आई मागच्या मोरीवर भांडी घासायची आणि घासलेली भांडी पालथी घालून मागच्या पायरीवर ठेवायची. एका वर्षी त्यांनी स्वयंपाकघर नवं केलं, उभ्यानं करायचा ओटा घातला, काळ्या कडप्प्याचा. तेव्हा उभा ओटा म्हणजे अप्रूप. त्या दिवशी बाहेर पायरीवर कुत्रं बसलं होतं, म्हणून आईनं भांड्यांची पाटी उचलली, आत नेली आणि ओट्यावर ठेवली. मी दारात होते. चारुशीलाबाई आल्या, हसून म्हणाल्या, "भिमाबाई, इथं नका ठेवू हं. कडप्पा आहे, पाणी पितो, डाग राहतात." आई घाईनं म्हणाली, "व्हय का बाई, मला काय म्हाईत," आणि पाटी उचलून बाहेर आली. मी मात्र दारातच उभी होते. चारुशीलाबाईंनी तांब्या घेतला, पाटी होती तिथं भरपूर पाणी ओतलं, ते पदरानं नाही, निराळ्या फडक्यानं पुसलं, आणि पुन्हा थोडं पाणी ओतलं. मी लहान होते, पण एवढं लहान कुणीच नसतं. पाण्यानं डाग पडतात तर पाणी का ओतता, हा प्रश्न माझ्या तोंडात आला आणि आईनं बाहेरून हाक मारली म्हणून तिथंच राहिला. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. रक्त येत नाही, आणि ज्याचा कापला जातो तो "मला काय म्हाईत" म्हणून माफी मागून मोकळा होतो.

खूप वर्षांनी, मला नोकरी लागल्यावर, मी आईला ते विचारलं. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती, दारात शेंगा निवडत बसली होती. मला वाटलं होतं, तिला आठवणारही नाही. ती शेंगा निवडतच म्हणाली, "मला कळत न्हवतं व्हय? तिला सांगायला कायतरी लागत व्हतं, मला आयकायला कायतरी लागत व्हतं. दगडाचं बरं पडलं." मी चिडून म्हणाले, "मग तू बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "बोलून काय? तुजी पुस्तकं बंद झाली असती. लई गोड बाई व्हती. गोड मानसाशी भांडायला जोर लागतो माय, त्यो माज्यात न्हवता." ती गेली त्याला आता बरेच दिवस झाले. पण त्या कोऱ्या भिंतींच्या स्वयंपाकघरात मला तिचं ते "दगडाचं बरं पडलं" इतकं स्पष्ट ऐकू आलं, की मी बंडप्पाकडे पाहिलं, यानंही ऐकलं की काय. बंडप्पा खडूनं जमिनीवर खुणा करत होता. मी माझ्या आयुष्यात दगडापासून लांब गेले असं मला वाटत होतं. शिकले, रोज लॅबच्या ओट्यावर अख्ख्या जिल्ह्याचं रक्त मांडते, सगळ्या वस्त्यांचं, एका रांगेत, आणि कुणाची नळी कुणाच्या नळीला लागली म्हणून कुणी पाणी ओतत नाही. आणि फिरून मी इथंच आले होते. मला ऐकायला काहीतरी लागतं असं ठरवून माझ्या माणसानं मला दगड दिला होता. चारुशीलाबाईंनी निदान तराजू आणला नव्हता.

आता प्रश्न होता दगड कुठला. हसण्यासारखं आहे, पण एवढ्या रागातही माझ्यासमोर हाच प्रश्न होता, कारण बंडप्पाला आज ऑर्डर द्यायची होती आणि उद्या त्याचा ट्रक जाणार होता. आणि माझी खरी पंचाईत अशी की मला पांढरा आवडायला लागला होता. अगदी मनापासून. स्वयंपाकघर लहान, त्यात तो उजळ दिसला असता, मुंगी दिसली असती, मीठ सांडलेलं मात्र दिसलं नसतं. आठवडाभर मी मनातल्या मनात त्यावर पोळपाट ठेवून पाहिला होता. आता पांढरा घेतला तर तो लातूरच्या माणसाचा दगड. सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर कणीक मळायची आणि प्रत्येक वेळी जाणायचं की आपण त्याचं ऐकलं. काळा घेतला तर तो तरी माझा कुठं? तोही त्या माणसाला दिलेलं उत्तरच. मला आधी काळा का हवा होता ते कारण मी शोधायला लागले, तर ते सापडेना. प्रसेनजितनं त्या छिद्रांच्या गोष्टीत ते कुठं तरी बुजवून टाकलं होतं. फसवणूक सगळे करतात. पण एखाद्याची आवडसुद्धा त्याला परत घेता येऊ नये इतकी खराब करून ठेवणं, हे मला माफ करता येत नव्हतं. मी दोन्ही दगडांवर हात ठेवून पाहिले. दोन्ही थंड होते.

प्रसेनजित हात झटकत खाली आला. "झालं का माप? बंडप्पा, पांढराच फायनल."

"थांबा," मी म्हणाले. "लातूरला विचारून सांगते."

बंडप्पा उठला आणि "जरा पानी पिऊन येतो" म्हणाला. मी म्हणाले, "तुम्ही कुठं जाऊ नका, बंडप्पा. माप राहिलंय." तो बिचारा दारात अर्धा आत अर्धा बाहेर उभा राहिला. प्रसेनजितचा चेहरा आधी रागावला, मग त्याला कळलं की रागावून चालणार नाही, मग तो वर्गात अवघड प्रश्न आल्यावर करतो तसा शांत झाला.

"आपण घरी बोलू."

"हे घर कुणाचं आहे मग?"

"वृषाली, मी ते मानत नाही. तुला माहितीय मी मानत नाही."

"मग?"

"मानत नाही आणि काही झालं तर?" तो एकदम हळू बोलला. "प्लॉट घेतला आणि बाबा गेले. पाया खणला आणि तुझं ऑपरेशन निघालं. तू टेबलावर होतीस तेव्हा मी बाहेर कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते तुला सांगू का? कॉलेजातले गायकवाड सर म्हणाले, एकदा गुरुजींना दाखवून तरी या. विषाची परीक्षा कुणी घ्यायची?"

"हे मला सांगायचं होतं. घाबरलोय म्हणायचं होतं."

"तू हसली असतीस."

हसले असते. ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळं माझा राग जराही कमी झाला नाही. हसले असते, भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, पण माणूस म्हणून माझ्याशी बोलला असता तो. मला वाटलं, आता हा म्हणेल, चुकलो. तेवढं म्हणाला असता तर मी पांढरासुद्धा घेतला असता, लातूरचा तर लातूरचा. मी वाट पाहिली. त्यानं खिडकीकडे पाहिलं, ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मनात काही जुळवलं, आणि म्हणाला, "ठीक आहे. तुझी इच्छा ना? काळा घेऊ. सगळा काळा. फक्त शेगडीखाली तेवढा पांढऱ्याचा तुकडा बसवू."

"उष्णतेनं पिवळा पडतो तो. तुम्हीच दाखवलंत."

"पडू दे पिवळा."

"आणि खालचे उभे कडप्पे काळेच आहेत, ते?"

तो बंडप्पाकडे वळला. "त्याला पांढरा रंग देता येतो का?"

बंडप्पानं मान खाली घातली. माझ्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर प्रसेनजित कसा उभा राहिला असेल ते मला त्या क्षणी दिसलं, आणि मला त्याची दया आली, आणि दया येताच मी दुप्पट संतापले, कारण माझ्याकडं त्यानं कधी ती मागितलीच नव्हती. "आणि ऐक," तो जवळ येऊन म्हणाला, आवाज पुन्हा समजावणारा झाला होता, "हे मी माझ्यासाठी नाही केलेलं. गुरुजींनी स्पष्ट सांगितलं, त्रास घराला नाही, घरातल्या पुरुषालाही नाही. त्या दगडापाशी जी उभी राहते तिला. तुझ्यासाठीच केलं मी हे सगळं."

म्हणजे हेही मलाच. बाहेर टाकीवाल्याची मोटरसायकल सुरू होऊन निघून गेली. बंडप्पानं हा थांबलेला वेळ संपवावा म्हणून खाकरून विचारलं, "मंग उंचीचं काय, ताई? जरा हितं भितीला लागून उभ्या ऱ्हावा. कोपर वाकवा. कोपराच्या चार बोटं खाली ओटा धरतो आमी, म्हंजे पाट दुखत न्हाय. बाईमानसाच्या मापानंच कडप्पे कापतो."

"काळा दगड," मी म्हणाले. "सगळा काळा, शेगडीखालीसुद्धा. आणि माप माझं घेऊ नका."

"मंग कुनाचं?"

"यांचं."

प्रसेनजितला आधी समजलं नाही. मी त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला भिंतीपाशी नेलं. लग्न झाल्यापासून तिसऱ्या माणसासमोर मी त्याला पहिल्यांदाच हात लावत होते. "जी उभी राहते तिला त्रास होतो ना? मग मी नाही उभी राहणार. पुरुषाला काही होत नाही म्हणालात. आजपासून सकाळचा चहा, डबा, संध्याकाळची भाकरी, सगळं तुम्ही करायचं, या कोपऱ्यात, काळ्या दगडापाशी. मला शाबूत ठेवायचंय तुम्हाला, तर ठेवा."

"वृषाली, काहीतरी काय बोलतेस."

"कोपर वाकवा," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. भाषणात तो असा थांबतो तेव्हा टाळ्या पडतात. मग कच्च्या गिलाव्याला पाठ लावून त्यानं हळूहळू हात वर केला आणि कोपर वाकवलं. बंडप्पानं एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. पेन्सिल जिभेला लावून ओली केली, चार बोटं मोजली आणि भिंतीवर रेघ मारली. ती माझ्या छातीपाशी आली.